गूळ कधी घालायचा?

पुण्यात नोकरी लागली त्या वर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, गावी जाता आलं नाही, म्हणून मी खोलीवरच गव्हाची खीर करायला घेतली. गावाकडून आणलेले सडलेले, म्हणजे उखळात कांडून टरफल काढलेले, गहू होते, गूळ होता, सुंठ आणि बडीशेप होती. रात्रभर भिजवलेले गहू, पाणी आणि फोडलेला गूळ असं सगळं एकदमच कुकरमध्ये घातलं आणि सात शिट्ट्या केल्या. झाकण उघडलं तर गहू दाताखाली चामट. आणखी पाच शिट्ट्या केल्या, तरी तसेच. मायला फोन लावला. पाणी किती, गहू कोणता, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "गूळ आदीच टाकलीस व्हय? आता दिसभर शिजू दे, मऊ व्हायचे न्हाईत ते."

आधी शिजू द्यायचं, मग गूळ घालायचा, हा नियम लातूर-धाराशिवपासून परभणी-नांदेडपर्यंत कुठल्याही घरात विचारा, सगळ्यांना माहीत असतो. पुरणाला तोच, खिरीला तोच. असं का, हे विचारलं की मात्र "असंच असतं" एवढंच उत्तर मिळतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवसापासून या एका प्रश्नाच्या मागं लागले, आणि खीर, पुरण, सांजा, गुळाच्या पुऱ्या, तिळाचे लाडू या सगळ्यांची किल्ली एकच आहे हे हळूहळू कळत गेलं. गूळ पाण्याला धरून ठेवतो, ही ती किल्ली.

गुळाची तहान

पावसाळ्यात गुळाची भेली उघडी राहिली तर काय होतं, हे प्रत्येकानं पाहिलंय. वरून ओलसर होते, मग पाघळते, डब्याच्या तळाशी काळसर पाक साचतो. त्यावर कोणी पाणी ओतलेलं नसतं. हवेतलं बाष्प गुळानंच ओढून घेतलेलं असतं. गुळात बहुतांश भाग साखरेचा असतो, आणि साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना चिकटून बसतात. हवेतूनही ज्याला पाणी ओढता येतं, तो पातेल्यातलं पाणी सोडेल का?

आता गहू शिजतो म्हणजे काय होतं ते बघू. गव्हाच्या दाण्यात स्टार्चचे बारीक बारीक कण ठासून भरलेले असतात. एकेक कण म्हणजे घट्ट आवळून बांधलेली कडब्याची पेंढी समजा. थंड पाण्यात कितीही वेळ ठेवली तरी ती वरवरच भिजते. पाणी तापत तापत साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की पेंढीचे बंध सैल व्हायला लागतात, पाणी आत घुसतं, कण फुगतो, काही फुटतात आणि आतला चिकटपणा पाण्यात उतरतो. खीर आळते ती यामुळं. म्हणजे गहू मऊ व्हायला उष्णता तर हवीच, शिवाय कणाच्या आत शिरायला मोकळं पाणीही हवं.

गूळ आधी घातला की पाणी पातेल्यात दिसतं खरं, पण त्यातलं बरंचसं गुळानं धरून ठेवलेलं असतं. पंगतीत पाण्याची कळशी पहिल्याच ओळीत रिकामी झाली तर शेवटच्या ओळीचे घसे कोरडेच राहतात, तशी गव्हाची गत होते. त्यात साखरेचं प्रमाण वाढलं की स्टार्च फुगायला लागणारं तापमानही वर चढतं. निम्मी साखर आणि निम्मं पाणी असेल तर गव्हाचा स्टार्च 60 ऐवजी 80 च्या आसपास सैल व्हायला लागतो. तुम्ही म्हणाल, उकळतं पाणी 100 अंशावर असतं आणि कुकरमध्ये तर 120 च्या जवळपास, मग अडचण काय? अडचण अख्ख्या दाण्याची आहे. रव्याचा कण चिमुकला असतो, त्याच्या मध्यापर्यंत पाणी पटकन पोचतं. अख्ख्या गव्हात ते बाहेरून आत सरकत सरकत जावं लागतं, आणि बाहेर घट्ट गोड पाणी असलं की ही वाट फार संथ होते. वरून फुगलेला आणि आत कोरडा राहिलेला दाणा म्हणजेच चामट गहू.

खिरीचा गहू उखळात थोडा ओला करून सडतात, तेही याच वाटेसाठी. गव्हाच्या टरफलाचे थर पाण्याला सहज आत येऊ देत नाहीत. मुसळाच्या घावानं ते सुटतात, मग पाखडून कोंडा बाजूला काढला की दाण्याचं दार उघडतं. माझी आज्जी गहू सडताना पाण्याचा हबका मोजून मारायची. पाणी जास्त झालं की दाणा फुटून कण्या होतात, कमी झालं की टरफल सुटत नाही. आता बाजारात सडलेला गहू पाकिटात मिळतो आणि तो चांगलाही असतो. फक्त न सडलेला चपातीचा गहू घेऊन खीर करायला जाऊ नका, कितीही भिजवला तरी ती चव येत नाही.

खीर करताना क्रम असा ठेवा. एक वाटी सडलेले गहू सात-आठ तास भिजवायचे, मूठभर हरभऱ्याची डाळ घालायची, चौपट पाणी घालून कुकरला शिजवायचं. दाणा बोटांत दाबला की पूर्ण चेपला पाहिजे, मध्ये पांढरा कडक ठिपका लागता कामा नये. ही परीक्षा पास झाल्याशिवाय गुळाला हात लावायचा नाही. घोटायचं असेल तर तेही आत्ताच थोडं घोटून घ्या. मग गूळ घालायचा, आणि तो दोन वेळा करून घालायचा. सगळा गूळ एकदम घातला तर बाहेरचं पाणी अचानक इतकं गोड होतं की फुगलेल्या दाण्यातलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि दाणा आक्रसतो. निम्मा गूळ घालून दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा, मग उरलेला घाला. तेवढ्या वेळात गोडी दाण्याच्या आत मुरते. बाहेर गोड पाणी आणि आत फिका गहू अशी खीर ज्यांनी खाल्लीय, त्यांना या दहा मिनिटांची किंमत कळेल.

गूळ घातल्याबरोबर खीर पातळ दिसायला लागते. इथं नवशिक्या बाया घाबरतात आणि तांदळाचं पीठ लावतात. लावू नका. गूळ स्वतः विरघळून पाक होतो, शिवाय त्याच्यात थोडं पाणी असतंच, म्हणून ती पातळ होते. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटांत परत आळते, आणि ताटात वाढेपर्यंत आणखी. सुंठ, बडीशेप, खसखस आणि किसलेलं वाळलं खोबरं शेवटी.

डाळीचं दुखणं वेगळं आहे

पुरणात गूळ आधी घातला तर डाळ शिजत नाही, पण तिथलं मुख्य कारण स्टार्च नाही. हरभऱ्याच्या डाळीत लहान लहान पेशी असतात आणि त्या एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थानं चिकटवलेल्या असतात. विटांच्या भिंतीत जसा चुन्याचा सांधा असतो तसा. डाळ मऊ होते म्हणजे हा सांधा गरम पाण्यात विरघळतो आणि विटा सुट्या होतात. बोटांनी डाळ चेपली की तिचं पीठ होतं ते त्यामुळं.

हा सांधा घट्ट करणाऱ्या दोन गोष्टी आहेत, कॅल्शियम आणि आंबटपणा. गुळात दोन्ही असतात. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना त्याचा आंबटपणा मारायला चुन्याची निवळी घालतात, आणि उसाच्या रसात मुळातही थोडं कॅल्शियम असतंच. त्यामुळं साखरेपेक्षा गुळात ते कितीतरी जास्त असतं. शिवाय निवळी घालूनही गूळ किंचित आम्लधर्मीच राहतो. म्हणजे अर्धवट शिजलेल्या डाळीत गूळ पडला की भिंत सैल व्हायच्या ऐवजी पक्की होते. वर पाणी ओढून घेणं आहेच. अशी बिघडलेली डाळ मग चाळणीत घासा, पाट्यावर वाटा, कण राहतातच, आणि पोळी लाटताना तोच कण पोळी फाडतो.

इथं आपल्या भागाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मराठवाड्यात बऱ्याच गावांत डाळ बोअरच्या पाण्यात शिजत नाही, बाया आडाचं किंवा विहिरीचं पाणी मुद्दाम आणतात. कारण पुन्हा तेच, कॅल्शियम. खडकातून झिरपत खोल गेलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दिवसांत आमच्याकडं टँकरचं पाणी कुठून आलंय यावर डाळीच्या शिट्ट्या ठरायच्या. तेव्हा मला ते फक्त त्रासदायक वाटायचं. आता वाटतं, त्या बायका पाण्याची परीक्षा डाळीवर घेत होत्या आणि ती परीक्षा अचूक होती.

पाणी जड असेल तर ते आधी खळखळून उकळा, निवू द्या आणि वरचं नितळ पाणी वापरा. भांड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, ते खाली बसलेले क्षार आहेत. सगळे जात नाहीत, पण फरक पडतो. चिमूटभर खाण्याच्या सोड्यानंही डाळ लवकर गळते, कारण सोडा आंबटपणाच्या उलट काम करतो. मला मात्र तो पुरणात आवडत नाही. सोडा थोडा जरी जास्त झाला तरी साबणासारखी चव लागते आणि डाळीतलं एक जीवनसत्त्वही, ब-1, नष्ट होतं.

डाळ शिजली की चाळणीवर टाकून येळवणी, म्हणजे डाळीचं पाणी, पूर्ण निथळू द्यायची. जितकं पाणी जास्त राहील, तितका चटका जास्त वेळ द्यावा लागेल. त्यात गूळ घातला की पुरण एकदम सैल होतं, खिरीसारखंच. मग ढवळत ढवळत चटका द्यायचा. इथं पाणी उडून जातंय आणि पाक घट्ट होतोय, एवढंच घडत असतं. पुरणात उलथनं उभं राहिलं की झालं, ही जुनी खूण आहे, आणि तिच्यापेक्षा चांगली खूण मला सापडलेली नाही. थर्मामीटर लावूनही पाहिला. उलथनंच बरं. गरम पुरण थोडं सैल वाटतं तेव्हाच उतरवा, गार झालं की ते आपोआप घट्ट होतं. भांड्यात पूर्ण कोरडं केलेलं पुरण नंतर भुरभुरीत होतं.

पोळ्याला बैलांच्या तोंडात पुरणपोळी देताना घरातली म्हातारी माणसं पोळी फाटलेली नाही ना हे बघून घ्यायची. माणसांना कशीही चालेल, त्याला चांगली द्या, असं म्हणायची.

दूध सगळ्यात शेवटी, आणि ताटातच

आमच्याकडं गव्हाची खीर पाण्यात शिजते. दूध वाढताना ताटात, खिरीवर. लहानपणी वाटायचं की दूध कमी असायचं म्हणून ही पद्धत पडली असेल. तेही असेल. पण या पद्धतीत दूध कधीच फाटत नाही.

दुधातली प्रथिनं बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतात आणि एकमेकींपासून लांब राहतात. दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 6.6 च्या आसपास असतो. तो बराच खाली, 4.6 पर्यंत आला तर गार दूधसुद्धा फाटतं. दूध उकळतं असेल तर मात्र इतकं खाली यायची गरज नसते, थोडासा आंबटपणा आणि थोडेसे क्षार पुरतात. गुळात दोन्ही आहेत हे आत्ताच पाहिलं. म्हणून उकळत्या गुळाच्या खिरीत दूध ओतलं की चोथा वेगळा आणि पाणी वेगळं. जुना, पावसाळ्यात पाघळलेला गूळ असेल तर धोका वाढतो, कारण ओलसर गुळात जंतू वाढतात आणि तो आंबायला लागतो. नवा गूळ घालून एकदा जमलेली खीर जुन्या गुळानं फाटली, असं झालं तर आश्चर्य नको.

शेवयांच्या खिरीत दूध पातेल्यातच लागतं, तिथं काय करायचं? शेवया दुधात शिजवून पातेलं खाली उतरवायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि गूळ थोड्या पाण्यात वेगळा विरघळवून, गाळून, गार करून मग घालायचा. गाळण्यानं गुळातली माती आणि चोयट्या निघतात तो फायदा वेगळाच. घातल्यानंतर पुन्हा उकळी आणायची नाही.

जिथं गूळ आधीच घालतात

आता नियम उलटा करून बघू. गुळाच्या पुऱ्या किंवा गुलगुले करताना गूळ पाण्यात विरघळवून त्या पाण्यातच कणीक भिजवतात. इथं "आधी शिजव, मग गूळ" असं कोणी म्हणत नाही, कारण इथं मऊ आणि चिवट कणीक नकोच असते. कणकेला चिवटपणा ग्लुटेनमुळं, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांच्या जाळ्यामुळं, येतो, आणि ग्लुटेन तयार व्हायला पाणी लागतं. गूळ ते पाणी धरून ठेवतो, ग्लुटेनचं जाळं अपुरं राहतं, आणि पुरी खुसखुशीत होते. जी गोष्ट खिरीत बिघाड ठरते, तीच इथं कामाची ठरते. मोहन घातलं की खुसखुशीतपणा आणखी वाढतो, कारण तेलही ग्लुटेनच्या आड येतं.

फक्त आच मंद ठेवायची. साखर असलेली कणीक तेलात लवकर तांबडी होते. वरचा रंग बघून पुरी काढली तर आत कच्ची निघते.

सांज्यात मात्र दोन्ही वाटा चालतात, आणि कुठली घ्यायची हे तुम्हाला काय हवं त्यावर. सांजोऱ्या किंवा सांज्याची पोळी करायची असेल तर भाजलेला रवा आधी साध्या आधणात फुगू द्या, मग गूळ घाला. सारण मऊ, एकजीव होतं, लाटताना टोचत नाही. नुसता वाटीत खायचा मोकळा सांजा हवा असेल तर गुळाच्या आधणात रवा सोडा, प्रत्येक कण वेगळा राहतो. दोन शेजारणी एकमेकींचा सांजा चुकला म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा दोघींचाही बरोबर असतो, दोघींना वेगळी गोष्ट हवी असते.

तिळाच्या लाडवात तर शिजवायचं धान्यच नाही, सगळा खेळ गुळातल्या पाण्याचा. गूळ उकळत गेला की पाणी उडतं आणि पाकाचं तापमान चढत जातं. म्हणून तापमान म्हणजे पाकात पाणी किती उरलंय याचं मोजमापच असतं. पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाहणं हे त्याचंच घरगुती रूप. थेंबाची मऊ गोळी होते तेव्हा पाक 115 अंशाच्या जवळ असतो आणि त्यात शेकडा 15 च्या आसपास पाणी उरलेलं असतं, या पाकाचे लाडू मऊ होतात. थेंब काचेसारखा कटकन मोडला तर पाणी जवळजवळ संपलंय, तो चिक्कीचा पाक.

उन्हाळ्यातल्या कुरडयांच्या चिकाचंही थोडक्यात. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून खाली जो साका बसतो तो जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. तो शिजवून काढलेला गरम चीक ताटलीत घेऊन लेकरं वरून गूळ आणि तूप घालून खातात. वरूनच घालायचा. चीक शिजताना पातेल्यात गूळ घातला तर तो नीट फुगत नाही आणि पिठूळ लागतो.

गूळ घेताना एक लक्षात असू द्या. पिवळाधमक, एकसारख्या रंगाचा गूळ म्हणजे चांगला गूळ, असं नसतं. रंग उजळायला काही ठिकाणी रसायन घालतात, त्याला गुऱ्हाळावर हायड्रोस म्हणतात. रस साफ करायची जुनी रीत रानभेंडीच्या चिकाची, तिच्यात मळी वर येते आणि काढून टाकता येते, पण गुळाचा रंग तांबूस-काळसरच राहतो. मी तोच घेते. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर "साखर नाही, गूळ आहे" म्हणून वाटीभर खीर देऊ नका. गुळात थोडं लोह आणि क्षार असतात हे खरं, तरी रक्तात शिरताना तो साखरच असतो.

येळवशीची खीर रात्री उरतेच, शेतातून परत आल्यावर कुणालाच भूक नसते. सकाळी ती दगडासारखी आळलेली असते, कारण गार होताना सुटलेले स्टार्चचे धागे पुन्हा एकमेकांजवळ येऊन घट्ट बसतात. गुळामुळं हे जरा सावकाश होतं, म्हणून शिळी खीर शिळ्या भातासारखी टणक लागत नाही. तिच्यात थेट दूध घालून गॅसवर ठेवू नका. अर्धी वाटी गरम पाणी घाला, मंद आचेवर हलवत मोकळी करा, वाटीत वाढा, वर तूप सोडा. दूध मग, वाटीतच.